'आउटलँडर'मधला वसुलीचा भाग कसा पाहावा

"आई, या भागात काहीच होत नाही. नुसते गावोगाव हिंडतात आणि पैसे गोळा करतात," असं म्हणून सूनबाईने रिमोट उचलला. मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं, तेच तर होतंय.

भाग म्हणजे 'आउटलँडर' या मालिकेच्या पहिल्या सीझनचा पाचवा, नाव 'रेंट'. ६ सप्टेंबर २०१४ रोजी तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. १९४५ सालातली इंग्लिश नर्स क्लेअर एकदम १७४३च्या स्कॉटिश हायलँड्समध्ये, म्हणजे तिथल्या डोंगराळ मुलखात, जाऊन पडते, अशी ही गोष्ट. लोक ती जेमी फ्रेझरसाठी पाहतात. पाहू देत, देखणा आहे मुलगा. पण मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून ३१ वर्षं काढली. मार्च म्हटलं की वसुली, हे अंगात भिनलेलं. या भागात उघड्यावर मांडलेलं टेबल, त्यावर वही आणि समोर कोंबड्या-बकऱ्या घेऊन उभी असलेली माणसं दिसली आणि मी ताठ बसले. तेव्हापासून हा भाग चारदा पाहिलाय. ज्यांना इथे डुलकी लागते त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक काम करा: चौथा भाग, 'द गॅदरिंग', आदल्या रात्री पाहून ठेवा. दोन्ही एका बैठकीत नकोत. चौथ्यात मॅकेन्झींच्या गढीवर सगळे जमतात आणि एकेक जण प्रमुखापुढे, म्हणजे कॉलमपुढे, निष्ठेची शपथ घेतो. जेमी कॉलमचा सख्खा भाचा. त्याने शपथ घेतली तर तो मॅकेन्झी ठरतो, आणि मॅकेन्झी ठरला की उद्याच्या गादीचा दावेदार. मग कॉलमचा भाऊ डूगल त्याला जिवंत ठेवेल का? आणि शपथ नाही घेतली तर भरसभेत मामाचा अपमान. जेमी मधली वाट काढतो: मी फ्रेझर आहे, शपथ घेत नाही, पण तुमच्या जमिनीवर आहे तोवर तुमचा शब्द मानीन. ही पळवाट नीट ऐका. 'तुमच्या जमिनीवर' हे शब्द त्याने उगीच घातलेले नाहीत. पाचवा भाग त्या जमिनीचाच आहे.

आता एक शब्द मनात पक्का करा. 'क्लॅन'ला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्याकडे वाद झाला. सूनबाई म्हणाली टोळी. टोळी नव्हे. घराणंही पुरत नाही, कारण मॅकेन्झी म्हणवणाऱ्या प्रत्येकाचं रक्त एक नव्हतं. कुणाच्या तरी छत्राखाली राहायचं म्हणून ते आडनाव लावणारेही होते. गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं. मी म्हटलं, आपल्याकडे शब्द तयार आहे: कूळ. आपल्या भाषेत कूळ म्हणजे वंश, आणि दफ्तरात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसून खंड देणारा. या दोन अर्थांचा एका शब्दात कसा मेळ बसतो याचं मला नोकरीत कायम नवल वाटायचं. हायलँड्समध्ये दोन्ही कुळं एकाच माणसात नांदत होती. तो प्रमुखाचा भाऊबंदही आणि त्याचा खंडकरीही. म्हणून शेळी नेताना वसूलदार त्याला नात्याने हाक मारतो. पाहताना हे डोक्यात ठेवा, अर्धा भाग इथेच उलगडेल.

मधला माणूस मालिकेत फारसा दिसत नाही, म्हणून मी सांगते. प्रमुखाकडून मोठा तुकडा पट्ट्याने घ्यायचा आणि तो लहान लहान कुळांना कसायला द्यायचा, असा एक वर्ग तिथे होता. पट्ट्याला 'टॅक' म्हणत, म्हणून तो टॅक्समन. बहुधा प्रमुखाचा चुलतभाऊ किंवा पुतण्या. खंडातला फरक त्याचा, आणि लढाई लागली की आपली कुळं घेऊन अधिकारी म्हणून पुढे व्हायचं तेही त्यानेच. कोकणातल्या वाचकाला खोत आठवेल. आठवू द्या, पण तिथेच थांबा. आपला खोत कुळाकडून अर्धेलीचं भात घेई, वेठ घेई, पण कुळाच्या हातात तलवार देऊन त्याला रणांगणावर नेत नसे. हायलँडच्या प्रमुखाला मात्र जमिनीतून दोन पिकं हवी असत, धान्य आणि माणसं. 'तुझी जमीन किती' यापेक्षा 'हाक दिलीस तर किती माणसं उभी राहतील' हा प्रश्न मोठा होता. पट्टा नवा करताना जी रक्कम मोजावी लागे तिला 'ग्रासम' म्हणत. आपल्या दफ्तरातला नजराणाच तो.

एवढी तयारी झाली की भाग लावा. पहिल्यांदा न थांबता पाहा. गेलिक बोलण्याला भाषांतर नाही, मुद्दामच दिलेलं नाही. इंटरनेटवरून अर्थ शोधत बसू नका. क्लेअरला काही कळत नाही, आपल्यालाही कळायला नको. चेहरे पाहायचे, हात पाहायचे. मुलांना मात्र झोपवून घ्या, शेवटाकडे एक दृश्य वाईट आहे.

दुसऱ्यांदा पाहताना हातात वही हवी. मी चार रकाने आखते: कोणी दिलं, काय दिलं, कोणाच्या नावे, लिहून घेतलं का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

गावातलं पहिलं वसुलीचं दृश्य आलं की थांबवा. ही गावाची दृश्यं न्यूटनमोरच्या हायलँड फोक म्युझियममध्ये चित्रित झाली. तिथे १७००च्या सुमाराची वाडी पुन्हा उभी केलेली आहे. भिंती बघा: गवतासकट कापलेल्या मातीच्या थरांच्या, वर गवती छप्पर. आत मधोमध पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा, विस्तव, धुराड्याचा पत्ता नाही, धूर छपरातूनच वाट काढणार. असल्या घरातला माणूस रोख कुठून देणार? त्याच्याकडे ओटमील, लोणी, चीज, मेंढा, कोंबडी, लोकर. शिवाय प्रमुखासाठी पीट कापायला दिलेले दिवस. रोख यायची ती गुरांवर. काळी, बुटकी, केसाळ गुरं शरदात हाकत दक्षिणेला क्रिफच्या बाजाराला न्यायची, ती विकली की गाठीला नाणी. म्हणून खंडाच्या तारखाही ठरलेल्या, एक मे महिन्यात, दुसरी नोव्हेंबरात. पीक, गुरं आणि हप्ता यांचं गणित जगात कुठेही सारखंच बसवलेलं असतं.

टेबलाशी बसलेला म्हातारा तो नेड गोवन, एडिनबरोचा वकील. मला या मालिकेतलं सगळ्यात आवडतं पात्र. बिल पॅटरसन या नटाने त्याला असा काही उभा केलाय की वाटतं, या माणसाने खरंच चाळीस वर्षं हिशेब लिहिलेत. क्लेअरशी तो कविता म्हणतो, खोकतो, पण वहीवरून नजर हलत नाही. आमच्या कचेरीत असे एक अव्वल कारकून होते. डोळे मिटून बसलेले वाटायचे, आणि बेरीज चुकली की डोळे न उघडता सांगायचे.

वसुलीला प्रमुख स्वतः का नाही? कॉलमचे पाय वाकडे, घोड्यावर बसणं अवघड. म्हणून भाऊ जातो. ही साधी सोय वाटते, पण राजकारण इथेच शिजतं. कुळाने वर्षातून ज्याचं तोंड पाहिलं तो डूगल. ज्याच्या हातात शेळीची दोरी दिली तो डूगल. मालक गढीत, माणसं भावाच्या ओळखीची. मी तलाठी असताना लोक तहसीलदारांचं नाव विसरायचे, माझं नाही. कारण मी चांगली होते असं नाही. दारात मी जात होते एवढंच.

आता शेळी. हे दृश्य मी दरवेळी दोनदा पाहते. क्लेअर बायकांमध्ये बसलेली असते. एका बाईच्या तान्ह्याला दूध नाही, कारण शेळी खंडात गेली. क्लेअर उठते आणि सरळ शेळी परत मागायला जाते, भांडते. पहिल्यांदा पाहताना मीसुद्धा क्लेअरच्या बाजूने होते. मग माझी नवी नोकरी आठवली. सारा थकलेला होता १८ रुपये, तीन वर्षांचा. म्हातारीने खुराड्यातून कोंबडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "पैशे नाय बाय, ही घे." मी कोंबडी परत दिली, अठरा रुपये पदरचे भरले आणि पावती फाडली. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच वाडीतल्या सहा जणी दारात. त्यांचीही थकबाकी होतीच. क्लेअरला हा दुसरा दिवस बघायचा नसतो, ती घोड्यावर बसून पुढच्या गावाला जाणार असते. शेळी सोडली तर उद्या कोण काय देईल, हे नेडला माहीत असतं. तरी मी नेडची बाजू घेत नाही. एवढंच म्हणते की ते दृश्य पाहताना शेळीकडे आणि वहीकडे दोन्हीकडे बघा.

त्याच्या आधीचं बायकांचं दृश्य कुणी पुढे ढकलू नये. सात-आठ जणी फळीभोवती बसून ओली लोकरी कापडं एका ठेक्यात आपटतायत, गातायत. याला 'वॉकिंग' म्हणतात, पण चालण्याशी त्याचा संबंध नाही. मागावरून उतरलेलं लोकरी कापड सैल असतं. ते भिजवून, आपटून घट्ट करायचं. भिजवायचं कशात? साठवलेल्या मुताच्या पाण्यात. त्यातल्या अमोनियाने लोकरीचा तेलकटपणा जातो आणि रंग धरतो. क्लेअर इंग्लिश, शिकलेली, आणि तीही त्यांच्यात बसते, पिते, हसते. गाण्याची रीत बघा: एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ध्रुवपद धरतात, आणि कापड एकीकडून दुसरीकडे सरकत राहतं. जात्यावर किंवा लावणीच्या चिखलात ज्यांनी गाणी ऐकलीत त्यांना समजावून सांगायला नको. पुरुषांच्या टेबलावर जे लिहिलं जात नाही ते सगळं या फळीवर बोललं जातं. क्लेअरला शेळीची गोष्ट तिथेच तर कळते. मीही वाडीत गेले की आधी विहिरीवर थांबायचे, मग चावडीत.

रात्री गुत्त्यातला प्रसंग येतो. वहीचं नवं पान काढा. डूगल गेलिकमध्ये भाषण करतो, आवाज चढत जातो, आणि एकाएकी जेमीचा सदरा मागून टराटरा फाडतो. पाठीवर इंग्रज चाबकाचे वळ. लोक उठून नाणी टाकतात. नेड ती घेतो. चौथा रकाना भरायला जा: ही जमा कुणाच्या नावे? खंड तर दिवसा झाला. क्लेअरला वाटतं, डूगल भावाला फसवून खिसा भरतोय. कोणत्याही दफ्तरी माणसाला हेच वाटेल. मलाही वाटलं, आणि मी सूनबाईला म्हटलंसुद्धा, "बिनपावतीची वसुली, पैसे खातोय मेला." पुढे कळतं की पैसे स्टुअर्ट राजासाठी आहेत, परदेशात बसलेल्या.

हे कळायला थोडा मागचा हिशेब लागतो. १६८८मध्ये स्टुअर्ट घराण्यातल्या राजा जेम्सला गादी सोडून पळावं लागलं. जेम्सचं लॅटिन रूप जेकोबस, म्हणून त्याच्या बाजूचे ते जेकोबाइट. १७१५ला उठाव झाला, फसला. १७१९ला ग्लेनशील इथे पुन्हा. पुढचा १७४५ला व्हायचाय, आणि मालिकेत आपण १७४३मध्ये आहोत, म्हणजे पैसे गोळा करायची वेळ हीच.

मालिकेतली मॅकेन्झींची लिओखची गढी कल्पित आहे, तिचं बाहेरचं रूप म्हणजे स्टर्लिंगजवळचा डून किल्ला. पण मॅकेन्झी खरे. आणि दुहेरी वसुलीची खरी गोष्ट मालिकेपेक्षा भारी आहे. १७१५नंतर मॅकेन्झींचा प्रमुख, सीफोर्थचा अर्ल, फ्रान्सला पळाला. सरकारने त्याची जमीन जप्त केली आणि खंड वसुलीला आपली माणसं नेमली. पण डॉनल्ड मर्चिसन नावाचा त्याचा कारभारी कुळांकडून खंड गोळा करतच राहिला आणि परदेशात मालकाला पोचवत राहिला. १७२१मध्ये सरकारी वसूलदार सैनिक घेऊन निघाले, तर ग्लेन अफ्रिकच्या खोऱ्यात मर्चिसनच्या माणसांनी त्यांना गाठून परतवलं. जप्तीचा हुकूम हातात, पण एक पै वसूल होत नाही! सीफोर्थला १७२६मध्ये माफी मिळाली. ३१ वर्षांत मी पुष्कळ चुकवेगिरी पाहिली, पण आनंदाने दुसऱ्याला, तेही परागंदा मालकाला, खंड देणारी कुळं नाही पाहिली. डूगलच्या थैलीत पडणारं प्रत्येक नाणं या खऱ्या हकिकतीच्या उजेडात बघा. ती लूट आहे की निष्ठा, हे टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलाय त्यावर ठरतं.

मध्येच 'वॉच'चं नाव येतं. गुरं चोरीला जाऊ नयेत म्हणून राखणीचे पैसे घेणारे, आणि पैसे न दिल्यास गुरं आपोआप चोरीला जातील याची काळजी घेणारे. इथे एक गंमत सांगते. स्कॉट्स भाषेत 'मेल' म्हणजे खंड, टपाल नव्हे. रीतसर खंडाशिवाय दरोडेखोराला द्यायचा तो 'काळा खंड', ब्लॅकमेल. आपण रोज वापरतो तो शब्द सीमेवरच्या गुराख्यांच्या हिशेबातून आलाय. हे मला कळलं तेव्हा मी जेवता जेवता उठून सगळ्यांना सांगत सुटले होते.

क्रूसासारख्या खांबांना बांधलेल्या दोन प्रेतांचं दृश्य येईल, 'देशद्रोही'चं आद्याक्षर घातलेलं. तिथे मी मान वळवते. पण डूगल ती प्रेतं वाया जाऊ देत नाही, पुढच्या भाषणात तीही वापरतो. तेवढं ध्यानात घ्या.

आणि मग क्लेअरला आठवतं, कलोडन. १६ एप्रिल १७४६, तासाभरातली लढाई, आणि हे सगळे संपणार. ती गप्प राहते. खऱ्या इतिहासात मॅकेन्झींनी दोन दगडांवर पाय ठेवले होते. क्रोमार्टीचा अर्ल मॅकेन्झी उठाव करणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने गेला आणि कलोडनच्या आदल्या दिवशी पकडला गेला, तर सीफोर्थचा मुलगा सरकारच्या बाजूने राहिला. फ्रेझरांचा म्हातारा लॉर्ड लोव्हॅट त्याहून वस्ताद: मुलाला उठावात धाडलं आणि स्वतः सरकारला निष्ठेची पत्रं लिहीत बसला. त्याचा काही उपयोग झाला नाही, ९ एप्रिल १७४७ला लंडनमध्ये त्याचं डोकं उडवलं. ब्रिटनमध्ये कुऱ्हाडीने शिरच्छेद झालेला तो शेवटचा माणूस. लढाईनंतर कायद्याने प्रमुखांची न्यायदानाची सत्ता काढून घेतली. मग प्रमुखाला माणसं नकोत, फक्त पैसे हवेत, असं झालं. दोनपैकी एक पीक गेलं. पुढे त्याच जमिनीवरून कुळं उठवून मेंढ्या आणल्या, ती गोष्ट या मालिकेत नाही.

कपड्यांवर फार विसंबू नका. घराणेवार ठरलेली कापडाची चौकडी हा बराचसा एकोणिसाव्या शतकाचा उद्योग. मालिकेने रंग मळकट ठेवलेत ते बरं केलं. घोडे मात्र मला जरा जास्तच तुकतुकीत वाटतात.

शेवटी इंग्रज फौजेचा, तांबड्या कोटातला तरुण लेफ्टनंट येऊन क्लेअरला विचारतो, तू यांच्यासोबत आपखुशीने आहेस का? आणि भाग संपतो. लगेच पुढचा लावायचा मोह होईल. आधी वही बघा. माझ्या वहीत खंडाच्या पानावर रकाने भरलेले आणि गुत्त्याच्या पानावर 'कोणाच्या नावे' कोरं होतं, कारण ते नाव डूगल वहीत येऊच देत नाही. सूनबाईने तिच्या वहीत तिथे 'राजा' लिहिलं होतं. मी म्हटलं, पुरावा? ती म्हणाली, "आई, पुरावा असता तर फाशी झाली असती ना." बरोबर बोलली.

हे तोवर सोफ्यावर घोरत होते. टीव्ही बंद केल्यावर जागे झाले आणि म्हणाले, "त्या बाईला शेळी मिळाली का परत?" म्हणजे तिथवर पाहिलं होतं तर. मी वही त्यांच्या हातात दिली आणि झोपायला गेले.